अटी दुसऱ्याच्या, नाव आपलं

वकिलीची पहिली सहा वर्षं मी नकला उतरवण्यात घालवली आणि हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही. माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होते. घरात छापील कागद म्हणजे माझी शाळेची पुस्तकं, बाकी काही नाही. सनद घेऊन बेळगावात ज्या वरिष्ठांच्या कचेरीत उभा राहिलो, त्यांच्याकडे एक हिरवी लोखंडी ट्रंक होती. तिच्यात चाळीस वर्षांचे मसुदे होते: खरेदीखतं, वाटणीपत्रं, कैफियती, भाडेकरार. ट्रंकेला कुलूप आणि किल्ली वरिष्ठांच्या जानव्याला. एखाद्या पक्षकारासाठी मसुदा बाहेर निघाला की तो परत आत जायच्या आत मी हाताने उतरवून घ्यायचो. वरिष्ठांना ते दिसत होतं. त्यांनी मला कधी किल्ली दिली नाही, पण मसुदा आत ठेवायची घाईही कधी केली नाही. त्यांचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

बाहेरच्यांना वाटतं, वकील प्रत्येक कागद डोकं चालवून नव्याने लिहितो. तसं नसतं. आमच्याकडे जुना कागद समोर ठेवायचा, नावं बदलायची, चतुःसीमा बदलायच्या आणि पुढे सरकायचं. त्यामुळे गमती होतात. टिळकवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचं खरेदीखत माझ्या हाताखालून गेलं, त्यात फ्लॅट ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’ विकला होता. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर पुरलेलं धन सापडलंच तर ते खरेदीदाराचं. शिवाय चतुःसीमेत पूर्वेला विहीर. खरेदीदार बँकेत होते, त्यांनी मला शांतपणे विचारलं, “वकीलसाहेब, विहिरीला कठडा आहे ना? नातवंडं लहान आहेत.”

अशा चुकांनी कुणाचं वाईट झालं नाही. म्हणूनच असेल, नक्कल ही निरुपद्रवी गोष्ट आहे असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मग वेबसाइटी आल्या. आमच्या भागात कुंदा विकणाऱ्यापासून कराटे शिकवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने एक काढली आणि प्रत्येकीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘अटी आणि शर्ती’. या अटी बहुतेकांनी कुठून तरी उचललेल्या. कॅम्पातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी तर गादीच्या कंपनीच्या उचलल्या होत्या. शोधताना जी पहिली दिसली ती घेतली आणि जिथे ‘गादी’ होतं तिथे ‘उत्पादन’ घातलं. त्यात एक अट अशी होती: उत्पादन शंभर रात्री वापरून पाहा, समाधान न झाल्यास परत करा.

तीन महिन्यांनी एक निवृत्त सुभेदार कवळी घेऊन परत आले. रुमालात गुंडाळलेली कवळी आणि सोबत अटींची छापील प्रत. डॉक्टर घाबरून माझ्याकडे आले. मी दोघांना समोरासमोर बसवलं. डॉक्टरांना वाटलं आपल्याला नामी मुद्दा सापडलाय. ते म्हणाले, “सुभेदारसाहेब, तुम्ही रोज रात्री कवळी काढून पाण्यात ठेवता. म्हणजे रात्री ती वापरलीच नाही.”

सुभेदार म्हणाले, “मग माझ्या शंभर रात्री अजून सुरूच झाल्या न्हाईत. सावकाश बघतो.”

डॉक्टरांनी मुकाट्याने नवी कवळी बसवून दिली. मी हा किस्सा बार रूममध्ये कितीतरी वेळा सांगितला आणि दर वेळी पोट धरून हसलो. त्यातून शिकावं एवढं मात्र मला सुचलं नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि ही सांगताना माझं हसू थोडं कमी होतं.

वडगावात शालनआक्का राहतात. वडगाव हा विणकरांचा भाग. पूर्वी घरोघरी हातमाग होते, आता बहुतेक घरांत पॉवरलूम आहेत. शालनआक्कांनी हातमाग सोडला नाही. त्यांच्या घराच्या वाटणीचा दावा मी चालवला होता, तेव्हापासूनचा आमचा घरोबा. त्यांची मुलगी रोहिणी संगणक शिकली आणि तिने आईच्या साड्यांसाठी वेबसाइट काढायचं घेतलं. एका साखरपुड्याच्या पंगतीत ती माझ्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, “काका, टर्म्स अँड कंडिशन्स टाकाय लागत्यात म्हणं. कसं करू?”

माझ्या पानात तेव्हा गरम मांडा पडला होता. मी म्हणालो, “कुठल्या तरी मोठ्या कापडवाल्याच्या घे, नाव बदल, झालं.”

एवढं बोलून मी मांड्यावर तूप वाढून घेतलं. चाळीस वर्षांच्या वकिलीत मी दिलेला सगळ्यात आखूड सल्ला तोच.

वर्षभराने दोघी मायलेकी कचेरीत आल्या. शालनआक्कांच्या हातात ग्राहक आयोगाची नोटीस होती आणि दुसरं एक सरकारी पत्र. मी आधी पत्र वाचलं. आक्कांच्या साड्यांवर हातमागाचा शिक्का असतो. साडी खरोखर हातावर विणलेली आहे याची ती ओळख. शिक्का देणाऱ्या खात्याने लिहिलं होतं की एका ग्राहकाच्या तक्रारीची प्रत आली आहे, तिचा खुलासा होईपर्यंत शिक्का वापरू नये.

मग तक्रार वाचली. करणाऱ्या होत्या निपाणीच्या हेरवाडेबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी आक्कांची साडी मागवली होती. साडीत अकरा ठिकाणी त्यांना वीण जाड लागली. त्यांनी अकरा चिठ्ठ्या टाचल्या, प्रत्येकीवर लाल शाईने आकडा. त्यानंतर त्यांनी वेबसाइटवरच्या अटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. माझी खात्री आहे, आमच्या जिल्ह्यात असं करणाऱ्या त्या पहिल्याच. अट नववी अशी होती: आमचं प्रत्येक वस्त्र स्वयंचलित यंत्रांवर विणलेलं असतं, त्याची वीण सर्वत्र एकसारखी असते, विणीत कमी-जास्तपणा आढळल्यास ते सदोष समजावं.

बाईंचं म्हणणं दोन ओळींचं होतं. साडी यंत्रावरची असेल तर हातमाग म्हणून विकली ही फसवणूक. हातमागावरची असेल तर तुमच्याच अटीनुसार ती अकरा ठिकाणी सदोष. कोणतं ते तुम्हीच सांगा.

मी ते दोनदा वाचलं. इकडे आड, तिकडे विहीर. एवढी घट्ट तक्रार मला स्वतःला लिहिता आली नसती.

“हा आचरटपणा कुणी केला?” मी रोहिणीवर खेकसलो. “दुसऱ्याच्या अटी न वाचता उचलायच्या, हे तुला कुणी शिकवलं?”

रोहिणीने आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघायला लागली. माझा कारकूनही टंकलेखन थांबवून वाट बघत होता.

“तुम्हीच की, काका,” रोहिणी म्हणाली. “साखरपुड्यात.”

मला तो मांडा आठवला. मी कारकुनाला चहा सांगायला पाठवलं, कारण मला थोडा वेळ कुणाकडे बघायचं नव्हतं.

आक्काच पहिल्यांदा बोलल्या. “वकीलसाहेब, साडीचं पैशे देऊन टाकूया. साडीबी ऱ्हाऊ दे बाईंकडं. पर मी मशिनीची साडी हातमागाची म्हणून इकली, आसं कागदावर आलं तर कसं? माझ्या दोनी बाजूला पॉवरलूम खडखडत्यात. जाऊबाई रोज म्हणती, आक्का, आतातरी मशीन घे. म्या न्हाय घेतली. आन् आता मलाच मशीनवाली म्हणत्यात.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण शिक्का गेला तर त्या मागावर परत बसणार नाहीत, हे मला कळलं. आणि ते माझ्यामुळे होणार होतं.

इथे बाहेरच्यांसाठी दोन शब्द. वेबसाइटच्या अटी म्हणजे नुसती शोभेची पाटी नसते. ग्राहकाने ‘मान्य’ वर बोट ठेवलं की तो करार होतो आणि दोघांनाही बांधतो. ग्राहक न वाचता बोट ठेवतो हे सगळ्यांना माहीत आहे. दुकानदारानेही तो वाचलेला नसतो, हे फारसं कुणाला माहीत नाही. दुसऱ्याच्या अटी उचलल्या की दुसऱ्याची वचनं आपल्या गळ्यात पडतात. रोहिणीने ज्या कापड कंपनीच्या अटी उचलल्या, तिच्याकडे यंत्रं होती, गोदाम होतं, तपासायला माणसं होती. आक्कांकडे एक माग आणि एक खिडकी. शिवाय अटी लिहिणं हेही कुणाचं तरी काम असतं आणि लिहिणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. त्या कंपनीचंही पत्र आलंच, कारण एकविसाव्या अटीत त्यांचं नाव तसंच राहिलं होतं. ते प्रकरण सोपं गेलं. अटी काढल्या, लेखी माफी मागितली, त्यांनी विषय संपवला. बाईंचं तसं संपणार नव्हतं.

बार रूममध्ये सल्ले पुष्कळ मिळाले. एक मित्र म्हणाला, अटींमध्ये सगळे दावे दिल्लीच्या कोर्टात चालतील असं आहे ना, मग बाईंना सांग दिल्लीला जा. ग्राहकाला आपल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे ते टिकलं नसतं. आणि टिकलं असतं तर पहिल्यांदा आक्कांनाच दिल्लीची गाडी धरावी लागली असती. दुसरा म्हणाला, कॉम्प्युटरवाल्याच्या गळ्यात घाल. त्याने परस्पर टाकल्या म्हणायचं.

कॉम्प्युटरवाला म्हणजे रोहिणी. मी आक्कांना तसं विचारून पाहिलं. विचारलं याचीही आता लाज वाटते.

आक्का म्हणाल्या, “पोरीचं नाव घ्यायचं न्हाय. तिनं मोठ्या माणसाचं ऐकलं, एवढंच तिचं चुकलं.”

त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही. चाळीस वर्षांत माझ्याबद्दल कुठल्या निकालात वेडंवाकडं वाक्य आलेलं नव्हतं. निपाणीच्या वखारीतल्या हमालाचा पोरगा, त्याच्या नावाला डाग नाही, याचा मला अभिमान होता, आणि तो जाईल याची भीती वाटत होती. पण खरं सांगायचं तर दुसरा रस्ता नव्हता. आपणच साक्षीदार झालो की वकील राहता येत नाही. मी आक्कांचं वकीलपत्र सोडलं आणि शपथपत्र लिहिलं: या अटी सामनेवालीच्या, म्हणजे आक्कांच्या, नाहीत, त्या माझ्या सल्ल्याने दुसऱ्या कंपनीच्या उतरवून घेतल्या, आणि सल्ला देताना मी त्या वाचलेल्या नव्हत्या. त्या शपथपत्रासाठी मला कुठला जुना मसुदा सापडला नाही. सगळं नव्याने लिहावं लागलं.

सुनावणीच्या दिवशी हेरवाडेबाई पहिल्या बाकावर होत्या. पांढरे केस, ताठ पाठ, मांडीवर घडी घातलेली साडी, चिठ्ठ्यांसकट. अध्यक्षांनी नववी अट मोठ्याने वाचली आणि कन्नडमध्ये विचारलं, “इदन्न यारु बरदारु?” हे कुणी लिहिलं?

मी उभा राहिलो आणि शपथपत्रात होतं ते तोंडाने सांगितलं. मांडा सोडून सगळं सांगितलं.

बाई वळल्या. “म्हणजे कॉपी केली?”

“हो,” मी म्हणालो.

“आणि तीही न वाचता?”

“हो.”

“माझ्या शाळेत कॉपी करणारी पोरं निदान वाचून तरी करत होती,” बाई म्हणाल्या. अध्यक्षांना मराठी चांगलं समजत होतं. त्यांनी कागद तोंडापुढे धरला.

मग त्यांनी आक्कांना काय सांगायचंय ते विचारलं. आक्का पुढे आल्या, बाईंकडून साडी मागून घेतली आणि टेबलावर पसरली. पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाल्या, “साहेब, माग थांबून परत चालू केला की पयले दोन ठोके जड पडत्यात. म्हणून हितं जाड लागतंय. हितं नळाला पाणी आलतं. आमच्याकडं पाणी आलं की उठावंच लागतं.” दुसरी चिठ्ठी. “हितं सासूबाईंनी हाक मारली, त्यांना उठून बसवाय.” तिसरी. “हितं रोहिणीचा निकाल लागला, ती वरडत आलती.” त्या एकेक चिठ्ठी ओलांडत पदराकडे निघाल्या. एक पाहुणा, एक गॅसवाला, दोनदा पुन्हा सासूबाई. आठव्या चिठ्ठीपाशी त्या थांबल्या, धागा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, “ही मातर माझी चूक हाय. हितं तुटलेला धागा नीट सांधला न्हाय. हे बाईंचं बरोबर हाय.”

हे ऐकल्यावर हेरवाडेबाईंनी चष्मा काढला. मला आठवतं, त्यांनी तो पुसला नाही, नुसता हातात धरला.

“माझी आई असल्या साड्या नेसायची,” त्या म्हणाल्या. “मला साडी परत करायची नव्हतीच. मला खरं काय ते पाहिजे होतं.”

आयोगाने शिक्क्याच्या खात्याला तपासनीस वडगावला पाठवायला सांगितलं. तो गेला, माग पाहिला, काठ पाहिला, आक्कांना समोर चार बोटं विणायला लावली आणि अहवाल दिला. शिक्का राहिला. बाईंनी आठव्या चिठ्ठीपुरती साडी दुरुस्त करून मागितली आणि तक्रार मागे घेतली, पण एका अटीवर. अटी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या आणि त्यांना तपासायला पाठवायच्या. अध्यक्षांनी माझ्याबद्दल एक वाक्य आदेशात घातलं. ते बरोबर आहे आणि ते मी इथे देणार नाही.

अटी लिहायला मी वडगावला गेलो. आक्का मागावर बसून सांगत होत्या, मी खाली चटईवर बसून उतरवून घेत होतो. चाळीस वर्षांनी पुन्हा नक्कलच, पण या वेळी समोर ट्रंक नव्हती. मी मध्येच ‘तथापि’ आणि ‘उपरोक्त’ घालायचो आणि रोहिणी ते खोडायची. शेवटी जे झालं त्यातलं थोडं देतो.

“साडी मी हातानं इनते. एकीला दिवस लागत्यात, घाई करू नये.

रंग फोटोत दिसतो त्याच्यापेक्षा उन्हात जरा येगळा दिसंल. उन्हात बघून मग ठरवा, आवडला न्हाय तर धा दिवसांत परत पाठवा, नेसू नका.

धागा तुटला आसंल तर ती माझी चूक, मी सांधून देईन. पर वीण मधीच जाड लागली तर ती चूक न्हाय. तिथं मला कुणीतरी हाक मारली आसंल.”

मी हे हेरवाडेबाईंना पाठवलं. शाळामास्तरीण ती, बोलीभाषा बघून लाल शाई सांडेल असं मला वाटलं होतं. कागद परत आला तेव्हा त्यावर एकच बरोबरची खूण होती आणि खाली सही. या अटी कायद्याच्या कसोटीला उतरतील याची मी खात्री करून घेतली आहे. मी लिहिलेल्या कुठल्याही करारापेक्षा त्या चांगल्या आहेत, हे म्हणायला मला जड जातं, पण तसं आहे.

याला काही महिने झाले असतील. एका दुपारी मायलेकी पुन्हा कचेरीत आल्या. रोहिणीने फोन माझ्यापुढे धरला. दुसऱ्याच कुणाची तरी साड्यांची वेबसाइट. पत्ता वडगावचाच, आक्कांच्या मागच्या गल्लीतला. दहा पॉवरलूमचा कारखाना आहे तो. तळाशी अटी होत्या. घाई करू नये, उन्हात बघून ठरवा, आणि हाक मारण्यापर्यंत सगळं जसंच्या तसं. नाव तेवढं बदललेलं.

मला अंगात एकदम तरतरी आली. मी कोरा कागद ओढला. “आक्का, नोटीस देऊ या. हे तुमचं लिखाण आहे. तुमच्या शब्दांवर तुमचा हक्क आहे.”

आक्कांनी फोन लांब धरून शेवटची अट पुन्हा एकदा वाचली. मग त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

“नोटीस द्या,” त्या म्हणाल्या. “पर त्यात पयलं एवढंच इचारा. धा पॉवरलूमच्या खडखडाटात हाक ऐकू येती व्हय?”